कोपऱ्यावरच्या घरातले आकडे

जपानमधल्या ऊनो बंदरातून बोट सुटली की वीस मिनिटांत नाओशिमा हे बेट येतं. बेट जवळ येताना आधी दिसतात ती धुराडी. उत्तरेकडचा भाग मित्सुबिशीच्या तांबं गाळण्याच्या कारखान्याचा. 1917 साली सुरू झालेला तो कारखाना आजही चालू आहे. एके काळी त्याच्या धुराने आजूबाजूचे डोंगर बोडके झाले होते. नवरा कठड्याला टेकून बराच वेळ त्या दिशेने बघत राहिला आणि म्हणाला, "फोटोत हे कधी दिसत नाही गं."

फोटोत दिसतो तो यायोई कुसामा या जपानी कलावंत बाईंनी घडवलेला पिवळा भोपळा, काळ्या ठिपक्यांचा, धक्क्याच्या टोकाला समुद्राकडे पाठ करून बसलेला. 2021 च्या ऑगस्टमध्ये वादळाने तो समुद्रात ओढून नेला होता. पुढच्या वर्षी तो पुन्हा घडवून त्याच जागी बसवला. आम्हीही त्याच्यासाठीच निघालो होतो, हे कबूल करते.

कोबेत राहायला येऊन आम्हाला आठ वर्षं झाली. नोव्हेंबरातली एक सुट्टी दोघांना एकत्र मिळाली, तेव्हा पहाटेच्या गाडीने ओकायामा आणि तिथून ऊनो गाठलं. (पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग ज्या बागेवरून घडवली, ती कोराकुएन याच ओकायामातली. त्यामुळे हे शहर पुणेकरांना तसं परकं नाही.) गाडीत मात्र आम्ही बेटाबद्दल बोलतच नव्हतो. बोलत होतो राजापूरबद्दल.

नवऱ्याचं गाव राजापूर तालुक्यातलं. रिफायनरी आधी नाणारला येणार होती, 2019 मध्ये तिथून रद्द झाली, मग बारसूचं नाव आलं. एप्रिल 2023 मध्ये तिथल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, मातीपरीक्षण सुरू झालं तेव्हा गावातल्या बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या. ती दृश्यं आम्ही इथे फोनवर पाहिली, आणि तेव्हापासून आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर दोन पक्ष आहेत. मोठे दीर म्हणतात, "कातळावर आहे काय? धड गवतसुद्धा उगवत नाही. पोरं मुंबईला जायची थांबली तर वाईट काय?" चुलत नणंद तेवढ्याच तळमळीने विचारते की सडा गेला तर खालच्या विहिरींचं पाणी कुठून येणार. दोघंही खरं बोलतात, म्हणूनच हा वाद मिटत नाही. आम्ही दोघं इतक्या लांबून काय बोलणार, म्हणून गप्प असतो. त्या दिवशी बेटावर जे पाहिलं, त्यामुळे गप्प राहवत नाही.

आधी चिचू संग्रहालय. चिचू म्हणजे जमिनीच्या पोटात. तादाओ आंदो या वास्तुरचनाकाराने 2004 साली डोंगर खणून ते आत बसवलं, समुद्रकाठाची रेघ मोडायला नको म्हणून. मोने या फ्रेंच चित्रकाराची कमळांची पाच चित्रं आहेत त्या दालनात बूट काढून सपाता घालून जायचं. खाली संगमरवराचे दोन सेंटिमीटरचे लाखो ठोकळे, आणि दिवा एकही नाही. वरून झिरपेल तेवढाच उजेड. आम्ही आत असताना बाहेर ढग आला आणि समोरचं जांभळं पाणी राखाडी होत गेलं. कोणी काही बोललं नाही. ढग सरेपर्यंत तिथले सगळे अनोळखी लोक जागचे हलले नाहीत. चित्र बघायला इतका वेळ मी आयुष्यात कधी दिला नव्हता.

पण आम्हाला खरं धरून ठेवलं ते होनमुरा गावाने. तिथे जुन्या रिकाम्या घरांना कलावंतांच्या हाती देण्याचं काम 1998 पासून चाललं आहे. पहिलं घर कादोया. काळ्या जळक्या फळ्यांच्या भिंती, मातीचा गिलावा, कौलं, साधारण दोनशे वर्षांपूर्वीचं. आत गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. माजघराच्या जागी जमीन नाहीच, पाणी आहे. आणि त्या पाण्याखाली लाल, हिरवे, पिवळे आकडे लुकलुकतात. एक ते नऊ, मग क्षणभर काळोख, मग पुन्हा एक. शून्य कधी येत नाही. तात्सुओ मियाजिमा यांची ही कलाकृती. आकडे एकूण 125. काही भराभर पळतात, एखादा इतका सावकाश की तो बंद पडलाय असं वाटतं.

हे वेग मियाजिमांनी ठरवलेले नाहीत. बेटावरच्या 125 माणसांना बोलावून प्रत्येकाला एकेक आकडा दिला आणि त्याचा वेग ज्याचा त्याने लावला. त्यांत पाच वर्षांचं पोर होतं आणि पंचाण्णव वर्षांची व्यक्तीही होती. म्हणजे त्या पाण्यात गावच आहे, ज्याच्या त्याच्या चालीने चालणारं. पंचवीसहून अधिक वर्षं झाली. त्यातली काही माणसं आता नसणार, पण त्यांचे आकडे मोजतायत.

मी तिथे लाकडी कठड्यावर बसून रडले. का, ते नवऱ्याला सांगावं लागलं नाही.

आमच्याकडच्या वादात दोन्ही बाजूंनी भरपूर आकडे असतात. इतके हजार कोटी, इतक्या हजार नोकऱ्या, इतकी आंब्याची कलमं. त्यातला एकही आकडा गावातल्या माणसाने स्वतः लावलेला नसतो. त्याला तो पत्रकातून किंवा टीव्हीवरून कळतो. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी कुठल्याही पक्षाकडून बोलत नाही: सड्याचं काय करायचं ते ठरवण्याआधी सड्याखाली राहणाऱ्यांना विचारायला हवं, ठरवून झाल्यावर समजूत घालायला जाणं म्हणजे विचारणं नव्हे.

आणि सडा रिकामा नाही. राजापूर, रत्नागिरी, लांजा या भागांत जांभ्या दगडाच्या सड्यांवर आदिम माणसांनी कोरलेली शेकडो चित्रं आहेत. कशेळीला एक हत्ती आहे, सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आणि त्या यादीत बारसूचंही नाव आहे. नवरा लहानपणी अशाच एका चित्रावर गोट्या खेळला आहे. "पांडवांनी काढलंय" एवढंच त्यांना माहीत होतं, आणि तेवढं त्यांना पुरत होतं.

इथे कोणी म्हणेल, झालं तर मग, कारखाना नको, नाओशिमासारखं करा. तसं मला म्हणायचं नाही. नाओशिमात कारखाना गेला आणि कला आली असं घडलेलं नाही. दोन्ही एकाच बेटावर आहेत. शिवाय ही संग्रहालयं उभी राहिली ती ओकायामातल्या एका प्रकाशन-कंपनीच्या मालकांनी तीस-पस्तीस वर्षं पैसा आणि चिकाटी ओतली म्हणून. असा मालक प्रत्येक सड्याला मिळत नाही. इतकं होऊनही बेटाची लोकसंख्या तीन हजारांच्या आसपासच आहे आणि गल्ल्यांत आम्हाला भेटले ते बहुतेक म्हातारेच.

बोटीवरून पूर्वेला तेशिमा दिसतं. नाओशिमासारखंच तेही या समुद्रातल्या बेटांवर भरणाऱ्या कलामहोत्सवाचं बेट. तिथलं पांढऱ्या थेंबासारखं संग्रहालय जगप्रसिद्ध आहे. पण 1970 च्या दशकात तिथल्या लोकांनी विरोध केला असताना एका व्यवसायाला कचऱ्याचा परवाना मिळाला आणि 1990 पर्यंत तिथे विषारी औद्योगिक कचरा बेकायदा ओतला गेला. गावकरी वर्षानुवर्षं लढले. 2000 साली तडजोड झाली आणि कागावा प्रांताच्या गव्हर्नरांनी त्यांची माफी मागितली. मग 2003 पासून पुढे सुमारे 9 लाख टन कचरा बोटींतून उपसून नेला गेला. तो नेला कुठे? नाओशिमाला, धुराड्यांशेजारच्या प्रकल्पात. जपानचं कौतुक करताना मला हे सोडून पुढे जाता येत नाही. लोकांचं "नको" ऐकलं नाही तर काय निस्तरावं लागतं, ते या देशाने स्वतःच्या खर्चाने शिकून घेतलं आहे. आपण ते फुकट शिकू शकतो.

मोठ्या दिरांच्या प्रश्नाला मात्र उत्तर द्यायलाच हवं. पोरं मुंबईला जातात, घरं बंद पडतात, गणपतीला पाच दिवस उघडतात. नुसतं "सडा वाचवा" म्हणून ती पोरं परत येणार नाहीत. रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षीलाही कातळावर कोरलेला एक हत्ती आहे. गावकऱ्यांच्या सहभागातून त्याच्याभोवती गोल कठडा बांधला गेला, आता लोक तो बघायला येतात. तिथे येणाऱ्याला जेवू घालणारं, चित्र समजावून सांगणारं, रात्री मुक्कामाला ठेवणारं माणूस गावातलंच असावं आणि पैसाही गावातच राहावा. त्यासाठी शासनाने रस्ता आणि पाणी द्यावं, जमिनी बाहेरच्यांच्या घशात जाणार नाहीत एवढं बघावं. सड्यावर भोपळा बसवायची गरज नाही. आपल्याकडे हत्ती आहे.

होनमुरात आणखी एक गोष्ट नवऱ्याने टिपली. दारांवर छोट्या पाट्या आहेत, त्यांवर घरांची पिढीजात नावं. माणसांची नव्हे, घरांची. कादोया म्हणजे कोपऱ्यावरचं घर. आमच्या वाडीतही तसंच बोलतात: वरचं घर, खालचं घर, वहाळाकडचं घर. आडनाव सगळ्यांचं एकच, मग घरावरूनच ओळख.

परतीच्या बोटीत काळोख झाला होता. कारखान्याचे दिवे पाण्यात हलत होते. त्याने आईंना फोन लावला. तिकडे दुपार कलली होती.

"आई, पाणंदीच्या तोंडाशी ते बंद घर आहे ना, पडायला आलेलं. त्याला काय म्हणायचे?"

"कशाला रे आता?"

"सांग तर."

आई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "फणसाकडचं घर. फणस तू जन्मायच्या आधीच पडला."