समितीतली बाहेरची सदस्य

कामाच्या ठिकाणी स्त्री-पुरुष समानता यावी म्हणून झटणाऱ्या तज्ज्ञांवरचा लेख मनापासून आवडला. फक्त कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीत जो एक सदस्य बाहेरच्या संस्थेतून घेतात, त्याच्याबद्दल त्यात एकच ओळ आहे, म्हणून लिहितेय. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालाने ही तरतूद आणली, लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने पक्की केली.

आमच्या कारखान्यात एका मुलीने सुपरवायझरविरुद्ध तक्रार दिली, तेव्हा मी समितीत होते. चौकशी काचेच्या केबिनमध्ये ठेवलेली, बाहेरून येणारा-जाणारा आत बघत होता. बाहेरच्या सदस्य म्हणून एका महिला संस्थेतून आलेल्या ताईंनी आधी खोली बदलायला लावली. जबाब इंग्रजीत टाइप झाला होता. "तिला समजेल अशा भाषेत लिहा, वाचून दाखवा, मगच सही," असं त्यांनी ठामपणे सांगितलं. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते, हेही त्यांनीच सांगितलं. आम्हा कुणालाच ते ठाऊक नव्हतं! आणि साहेबांसमोर आम्ही बोललो असतो का? पगार त्यांच्याच सहीने व्हायचा.

दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी ही समिती नसते. दुकानातल्या मुली, घरकाम करणाऱ्या बायका यांच्यासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, एकीनेही तिचं नाव ऐकलेलं नाही. घटनेपासून तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, हे तर दूरच. लेखकांना कळकळीची विनंती, पुढचा लेख यावर लिहा.