पहाटे पावणेतीनला कोण जागा असतो?

सोलापुरात टिळक चौकाच्या आसपास शेंगाचटणीचं एक दुकान आहे आणि त्या दुकानात सध्या मी चोर आहे. दुकानाची वेबसाइट मी करतोय. गुन्हा असा की, तिच्यासाठी ठरलेलं डॉट कॉम नाव मी संध्याकाळी तपासलं, 'मोकळं आहे' म्हणून सांगितलं आणि सकाळी ते गेलं होतं. परत हवं असेल तर किंमत 2,495 डॉलर. नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर उरलेली स्पेलिंगंही जातील.

मग संध्याकाळीच का घेतलं नाही? कारण अमावास्या होती. अमावास्येला अण्णा नवीन काही घेत नाहीत. मिठाची पिशवीसुद्धा.

अण्णा म्हणजे दुकानाचे मूळ मालक. गल्ल्यावर आता मुलगा बसतो, पण मागे उखळात चटणी कुटली जात असते तेव्हा दाण्यांना तेल सुटलं की नाही, हे अण्णा बाहेर बसून नुसत्या आवाजावर सांगतात. अशा कानाच्या माणसाला 'सिस्टीममध्ये काहीतरी झालं असेल' असलं उत्तर चालत नाही.

"काल नाव बघितलं कोणी?"

"मी."

"आणखी कोणाला माहीत होतं?"

"तुम्हाला आणि तुमच्या मुलाला."

"मग आम्ही आमचंच नाव चोरू का बे?"

तर्कात खोट नव्हती. म्हणून पुरावा दाखवायचं ठरवलं. डॉट कॉमची कुठलीही नोंद कोणालाही बघता येते. पूर्वी त्यासाठी हूइज नावाची सेवा होती, 28 जानेवारी 2025 पासून तिची अधिकृत जागा आरडॅप या नव्या सेवेने घेतली. आयकॅन म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणारी संस्था. तिच्या लुकअप पानावर नाव टाकलं की नोंदणीची तारीख, विक्रेता, नाव कुठल्या अवस्थेत आहे, सगळं दिसतं. मालक तेवढा दिसत नाही. 2018 मध्ये युरोपचा खासगीपणाचा कायदा आला तेव्हापासून तिथे झाकपाक असते. म्हणजे चोरी किती वाजता झाली हे सेकंदापर्यंत कळतं, आणि कोणी केली हे सांगणं खासगीपणाचा भंग ठरतं.

नोंदीत वेळ होती 21:14 आणि पुढे झेड. झेड म्हणजे ग्रीनिचची वेळ. त्यात साडेपाच तास मिळवले की आपल्याकडचे पहाटेचे 2:44.

"पावणेतीनला कोण जागा असतो बे?"

"कोणी नाही अण्णा. प्रोग्राम असतात, ते आपोआप घेतात."

"तू असतोस. तूच म्हणला होतास, रात्री शांततेत काम होतंय म्हणून."

इथून पुढे मी काय सांगायचो आणि अण्णांनी काय ऐकलं यांचा संबंध संपला. तरी सांगतो, कारण हा संशय सोलापुरात माझ्यावर आला असला तरी जगात तो फार जुना आहे. तुम्ही नाव शोधलं आणि ते गेलं, याला फ्रंट रनिंग म्हणतात. 2007 च्या ऑक्टोबरमध्ये आयकॅनच्या सुरक्षा समितीने यावर टिपण काढलं, कारण तक्रारींचा ढीग होता आणि ठोस पुरावा कोणाकडेच नव्हता. जानेवारी 2008 मध्ये अमेरिकेतल्या एका जुन्या विक्रेत्याने कहरच केला. त्याच्या साइटवर तुम्ही नाव शोधलंत की तो ते चार दिवस स्वतःकडे अडकवून ठेवायचा. म्हणजे घ्यायचं तर त्याच्याकडूनच घ्या. वर कारण काय, तर ग्राहकाचं संरक्षण! प्रकरण कोर्टात गेलं.

हे जमायचं ते पाच दिवसांच्या सवलतीमुळे. नाव नोंदवल्यापासून पाच दिवसांत विक्रेत्याने ते रद्द केलं तर त्याला पूर्ण पैसे परत मिळतात. सवलत होती स्पेलिंग चुकलेल्यांसाठी. सट्टेवाल्यांनी काय केलं, एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी लाखो नावं अडवायची, कुठल्यावर लोक येतात ते बघायचं आणि बाकीची पाचव्या दिवशी सोडून द्यायची. तिकीट कुठेच नाही. शेवटी आयकॅनने मर्यादा घातली. महिन्यातल्या नव्या नोंदींच्या दहा टक्के किंवा पन्नास, यांतला मोठा आकडा घ्यायचा, आणि रद्द नावं त्यापुढे गेली तर पैसे परत नाहीत. 2009 मध्ये त्यांनीच जाहीर केलं की हा प्रकार 99.7 टक्के कमी झाला.

म्हणजे आज जो कोणी नाव अडवतो तो खिशातले पैसे घालतो. आणि तरी त्याला परवडतं. डॉट कॉमचा घाऊक भाव सप्टेंबर 2024 मध्ये वर्षाला 10.26 डॉलर झाला. त्या भावाने दोनशे नावं उचलली तर साधारण 2,050 डॉलर. त्यातलं एक जरी अण्णांसारख्या माणसाला 2,495 ला गेलं तरी वर्षाचा खर्च निघून वर काही उरतं. बाकीची एकशे नव्याण्णव तशीच पडून राहतात, कोणाच्याही कामाला न येता. हा धंदा बेकायदा नाही. मला राग याचाच येतो. बेकायदा असता तर निदान शिव्या तरी कायद्याने देता आल्या असत्या.

आपण शोधलेलं त्यांना कळतं कसं? ज्या विक्रेत्याच्या साइटवर टाइप करता, तिथे ते नोंदलं जातं. ब्राउझरच्या पट्टीत नाव टाकलंत तर सुचवण्या देणारं सर्च इंजिन एकेक अक्षर वाचतं. नाव अस्तित्वात नसतानाही डीएनएसला, म्हणजे नावावरून साइटचा पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेला, विचारणा जातेच आणि 'असं नाव नाही' हे उत्तर वाटेत कोणाकोणाला दिसतं. आणि कित्येकदा हा नुसता योगायोग असतो. नाव पूर्वी कोणाचंतरी होतं, ते नुकतंच सुटलं आणि पुसलेल्या नावांच्या यादीवर टपलेल्या प्रोग्रामने उचललं. अण्णांच्या नावाचं यांतलं काय झालं, हे सिद्ध करता येत नाही. जे सिद्ध करता येत नाही त्याचा आळ समोर बसलेल्यावर येतो.

असो. विक्रीच्या पानावर कोपऱ्यात गप्पांची खिडकी होती. अण्णा म्हणाले, "त्याच्याशी बोललं पाहिजे. मंगळवार बाजारात एवढी वर्षं भाव केलाय, हा कोण लागून गेला?" ते सांगत गेले, मी इंग्रजीत टाइप करत गेलो.

"विचार, नाव कशाला घेतलास?"

उत्तर आलं: ही एक प्रीमियम डिजिटल मालमत्ता आहे.

"मालमत्ता? मग सातबारा दाखव म्हणावं."

सातबाऱ्याचं इंग्रजी मी 'मालकीचा दाखला' असं केलं. तिकडून लांबलचक परिच्छेद आला. त्यात गोपनीयता हा शब्द फार वेळा होता.

"बघ, उतारा नाही. अतिक्रमण आहे. भाव विचार."

भाव तोच, 2,495. मी रुपयांत सांगितला, दोन लाखांच्या वर. अण्णांनी क्षणात चारशे रुपये किलोने भागाकार केला. "पाच क्विंटल चटणी! एका नावाला! त्यात शेंगा नाहीत, तिखट नाही, काय नाही. त्याला सांग, पाचशे रुपये देतो. वर दोन किलो चटणी. लसणाची."

मी चटणी गाळली आणि पाचशे रुपये लिहिले. उत्तर आलं: किमान बोली 500 डॉलर.

अण्णांना विजय झाल्यासारखं वाटलं. "आलं का जागेवर? तो पण पाचशेच म्हणलालाय की!"

रुपये आणि डॉलर यांतला फरक समजावेपर्यंत तिकडून पुढचा प्रस्ताव आला. बारा महिन्यांच्या हप्त्यांनी घ्या. नाव वापरायला लगेच मिळेल, मालकी शेवटच्या हप्त्यानंतर.

"आणि मधे एक हप्ता चुकला तर?"

विचारलं. मग नाव परत त्यांच्याकडे आणि भरलेले पैसेही त्यांच्याकडे.

अण्णा थोडा वेळ गप्प बसले. "हा सावकार आहे बे," ते म्हणाले. "याला चटणीसुद्धा नको देऊ."

नंतर मुलाने विचारलं, कायद्याने काही करता येईल का. करता येतं, पण कोणाला? 2004 मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. डॉट कॉमसाठी आंतरराष्ट्रीय लवादही आहे. जिनिव्हाच्या विपो या जागतिक बौद्धिक संपदा संस्थेकडे अर्ज करायचा, एका लवादासाठी फी 1,500 डॉलर. पण त्यात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. नाव तुमच्या ट्रेडमार्कशी मिळतंजुळतं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं आणि तसंच वापरलंही. गाव, शेंगा आणि चटणी हे तीन शब्द जोडून ट्रेडमार्क होत नाही. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, पण या लवादात नुसतं मानांकन दाखवून चादरवाल्यालाही उभं राहता येत नाही. थोडक्यात, मोठ्या ब्रँडला कोर्ट आहे, छोट्या दुकानदाराला गप्पांची खिडकी.

"आधी ही नावं काय भावाने मिळायची?" अण्णांनी विचारलं. सप्टेंबर 1995 पर्यंत फुकट होती, असं मी सांगितलं. सांगायला नको होतं.

"मग तेव्हा का नाही आलास बे?"

मग मराठीत नाव घेऊ, असा विचार निघाला. डॉट भारत 2014 पासून देवनागरीत मिळतं आणि ते अण्णांना पाहता क्षणी आवडलं. अडचण अशी की यंत्रांना देवनागरी कळत नाही, त्यामुळे आत 'भारत' चं 'एक्सएन, डॅश, डॅश, एच टू बी आर जे नाइन सी' होतं, आणि काही ठिकाणी ईमेलमध्ये तेच उघडं पडतं. अण्णांनी ते कागदावर बघितलं. "हे काय सांडलंय?" म्हणाले. शिवाय अशा नावाचा ईमेल पत्ता बँकेचा फॉर्म घेत नाही. ते राहिलं.

यात ज्याला खरोखर नाव घ्यायचं आहे त्याने क्रम उलटा करावा. आधी पैसे, मग शोध. विक्रेत्याकडे खातं उघडून ठेवायचं. कार्डावर परदेशी व्यवहार चालू आहेत का ते बँकेच्या ॲपमध्ये बघायचं, कारण नव्या कार्डावर ते बंदच असतात. ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो हाताशी ठेवायचा, आणि त्याचं कुलूप अंगठ्याने उघडत असेल तर चटणी कालवलेल्या हाताने उघडत नाही हेही लक्षात ठेवायचं. (अण्णांच्या मुलाचा ओटीपी याच कारणाने दोनदा मुदत संपून गेला.) नाव मोकळं आहे का हे आयकॅनच्या पानावर बघायचं आणि दिसलं की त्याच बैठकीत घ्यायचं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मतदान नंतर.

स्पेलिंगही आधी ठरवा. शेंगाच्या शेवटी एक ए की दोन, चटणी इंग्रजी वळणाची की मराठी, गाव आजचं की जुन्या पाट्यांवरचं शोलापूर. एवढ्यातच डझनभर नावं होतात आणि सगळी घेण्यात अर्थ नाही. गिऱ्हाईक फोनवर ऐकून जे लिहील ते एक घ्या, आणि त्याचंच डॉट इन. नोंदणी दुकानमालकाच्या नावाने आणि त्याच्याच ईमेलवर हवी. साइट करणाऱ्याच्या नावावर नको. हे मी स्वतः साइट करणारा असून सांगतोय. पडताळणीचा मेल येतो त्यावर पंधरा दिवसांत क्लिक केलं नाही तर साइट बंद पडते. आणि एक वर्षाचं घेऊन 'आपोआप नूतनीकरण' वर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2021 च्या नियमांनंतर परदेशी विक्रेत्यांची आपोआप वसुली कधी होते, कधी होत नाही, आणि न झाल्याचा मेल स्पॅममध्ये पडतो. दहा वर्षांपर्यंतचे पैसे एकदम भरता येतात. नाही भरले तर मुदत संपल्यावर आधी काही आठवडे नेहमीच्या दराने सोडवता येतं, मग तीस दिवस जबर दंडाने, मग पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही आणि नंतर पावणेतीनला जागणारे आहेतच.

अण्णांसाठी शेवटी डॉट इन घेतलं. मधे एक शब्द वाढवून, द्वितीयेला, सकाळी साडेनऊच्या आत. मला बिल दाखवायला लावलं. मालक म्हणून कोणाचं नाव आहे ते अण्णांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.

नवं नाव नोंदलं की फोन सुरू होतात, हे या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. यादी कुठून जाते देव जाणे. "सर, आपण नवीन डोमेन घेतलंय, वेबसाइट करून देऊ, लोगो देऊ, पहिल्या पानावर आणू." लोक चिडून फोन ठेवतात. अण्णा ठेवत नाहीत. दुकानाचा नंबर आहे, म्हणजे गिऱ्हाईक आहे. नोएड्याच्या एका पोराला त्यांनी हिंदीत शेंगा भाजण्यापासून सुरुवात केली, पार्सलचा खर्च वेगळा म्हणून सांगितलं, आणि पत्ता लिहून घेतल्यावर विचारलं, "पैसा पहले भेजेगा ना बे?"