‘लासलगावला इतिहास नाही’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

नाशिक जिल्ह्यातल्या लासलगाववरच्या, म्हणजे कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या माझ्या गावावरच्या लेखाखाली एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, ‘एक नाशिककर’ एवढीच सही. ज्यांना ती शोधायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांच्या मते लेख भाबडा आहे. ‘लासलगावला इतिहास नाही, बाजारभाव आहे.’ खळ्यावर, म्हणजे व्यापाऱ्याच्या कांदा उतरवायच्या जागेत, कांदा निवडणाऱ्या बायका आणि पाठीवर गोण्या वाहणारे हमाल लेखात शोधून सापडत नाहीत. पुण्यात बसून गावाचे गोडवे गाणं सोपं असतं. आणि लेख निम्म्याने कमी करता आला असता. शेवटी ‘राग नसावा’.

लेख लांबला, हे मान्य. भगरीबाबांच्या यात्रेतल्या पाळण्यांवर मी जरा जास्तच रेंगाळलो. तेवढा भाग कापला असता तर कुणाचं काही अडलं नसतं. चुकीला चूक म्हणण्यात मला कमीपणा वाटत नाही, बाकीच्यांचं मला माहीत नाही.

आता ‘राग नसावा’बद्दल. आधी माणसाला त्याच्याच दारात उभं करून चार शब्द सुनवायचे आणि जाता जाता राग नसावा म्हणायचं, ही कुठली रीत? टीका करा, जरूर करा. या लेखमालेवर याआधीही टीका झाली आहे. एका निवृत्त शिक्षकांनी तर माझ्या दोन वाक्यांची चिरफाड केली होती, पण त्यांच्या लिहिण्यात आपुलकी होती. आपल्या प्रतिक्रियेत मला ती दिसली नाही. ‘भाबडा’ हा शब्द आपण तीनदा वापरलाय. एकदा पुरला असता.

आपण म्हणता, ‘लासलगाव मी शंभर वेळा पाहिलंय.’ पाहिलं असेल. पण नाशिकहून औरंगाबाद रस्त्याने येवल्याला जाणाऱ्याला लासलगाव लागतच नाही. विंचूर चौफुलीवर डावीकडे वळावं लागतं. चौफुलीवर चहा पिऊन सरळ पुढे गेलेली बरीच मंडळी ‘लासलगाव पाहिलंय’ म्हणतात, असा माझा अनुभव आहे. आपण त्यातले नसाल अशी आशा करतो.

तर ते वाक्य. लासलगावला इतिहास नाही, बाजारभाव आहे.

इतिहास म्हणजे आपल्याला काय हवंय, याचा मला थोडा अंदाज आहे. वाडा, बुरूज, सनद, एखादा सरदार. तसा इतिहास आमच्या आजूबाजूला दाटीवाटीने बसलेला आहे. विंचूरला पानिपतावरून जिवंत परतलेल्या सरदार विठ्ठल शिवदेवांचं घराणं. निफाडला १८४२ साली न्यायमूर्ती रानड्यांचा जन्म. येवल्याला तात्या टोपे जन्मले, आणि त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी ‘हिंदू म्हणून मरणार नाही’ अशी घोषणा केली. या सगळ्यांच्या मधोमध लासलगाव. आमच्याकडे दाखवायला काय, तर स्टेशन आणि मार्केट. हे मी लेखात लपवलेलं नाही, उलट पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय. आपण बहुधा दुसऱ्यापासून वाचायला सुरुवात केलीत.

पण त्या स्टेशनाकडे नीट बघा. एकोणिसाव्या शतकाच्या सहाव्या-सातव्या दशकात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे मुंबईहून निघाली, थळघाट चढली आणि मनमाड-भुसावळकडे गेली. विंचूरला सरदार होते, पण रूळ विंचूरवरून गेले नाहीत. ते निफाड, उगाव, लासलगाव असे गेले. ज्या गावाला रूळ मिळाले त्या गावात माल आला. मालामागे मारवाडी-गुजराती पेढ्या आल्या, त्यामागे गोदामं, हमाल, मापारी, खानावळी. गावाची वस्ती कशी झाली, कोणती आळी आधी भरली, कोण कुठून आलं, हे सगळं त्या रुळांवरून वाचता येतं. हा इतिहास नसेल तर मग मला तो शब्द नव्याने शिकावा लागेल.

बाजार समिती १९४७ ची. त्याच्या आधी मुंबई इलाख्यात शेतमालाचा सौदा कसा व्हायचा, हे आपल्यासारख्या जाणकाराला मी काय सांगावं? रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची आणि भाव ठरवायचा. ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा. वर मापात मार, कसर, धर्मादाय, नमुना म्हणून उचललेला माल. १९३९ चा बाजार कायदा त्यासाठी आला आणि त्याच कायद्याखाली उघडे लिलाव सुरू झाले. भाव मोठ्याने बोलला जाणं, सगळ्यांच्या कानांवर पडणं, ही लासलगावच्या शेतकऱ्याच्या आयुष्यातली केवढी मोठी घटना होती! स्वातंत्र्य त्याला आकाशवाणीवरून कळलं असेल, भाव त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. आपण ज्याला तुच्छतेने ‘बाजारभाव’ म्हणता, त्यासाठी माणसं भांडली आहेत.

आणि मेली आहेत. चाकणला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी कांद्याचं आंदोलन सुरू केलं, ते पुढे नाशिक जिल्ह्यात आलं. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव, ही मागणी. १० नोव्हेंबर १९८० रोजी खेरवाडीला रुळांवर बसलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात दोघे गेले. खेरवाडी आमच्याच निफाड तालुक्यात, आमच्याच रेल्वेवर. माझे वडील त्या दिवशी खेरवाडीत नव्हते, उगावजवळ अडवलेल्या जथ्यात होते. घरी परतल्यावर त्यांनी आधी बैलांना पाणी दाखवलं आणि मग आजीला सांगितलं. ही गोष्ट मी पुस्तकात वाचलेली नाही.

आमच्या घरात ओसरीवर एक तार आहे, तिला खाली आकडा. त्यात हिशोबपट्ट्या ओवलेल्या असतात. तारीख, वजन, भाव, हमाली-तोलाई-वाराईची कपात, हाती आलेली रक्कम. सर्वात खालच्या पट्ट्यांची शाई उडाली आहे. वडील त्या तारेकडे बघून सांगतात की बोअर कोणत्या कांद्यावर घेतली, थोरल्या बहिणीचं लग्न कोणत्या उन्हाळ्यात लांबलं आणि का. एका पट्टीवर भाव खोडून खाली कमी भाव लिहिलेला आहे. लिलावात एक भाव बोलला गेला आणि ट्रॉली खळ्यावर गेल्यावर व्यापाऱ्याने वांदा काढला: खालचा माल बारीक आहे, गोल्टी (लहान कांदा) जास्त आहे, जोडकांदा आहे. ट्रॉली अर्धी रिकामी झालेली, पुन्हा भरून नेणार कोण? वडिलांनी सही केली. व्यापाऱ्याचं नाव मी लिहीत नाही, त्याची नातवंडं माझ्याबरोबर शिकली आहेत. असल्या शेकडो तारा गावोगाव टांगलेल्या आहेत, आणि आपण आम्हाला सांगता की इतिहास नाही.

आपल्याला उलटी पट्टी माहीत असेल अशी मला शंका आहे, म्हणून सांगतो. कांद्याच्या रकमेपेक्षा गाडीभाडं आणि कपात जास्त भरली की शेतकऱ्यानेच खिशातून पैसे द्यायचे आणि घरी यायचं. २०१८ च्या हिवाळ्यात निफाड तालुक्यातल्याच एका शेतकऱ्याला साडेसातशे किलो कांद्याचे १,०६४ रुपये मिळाले. त्याने ते मनीऑर्डरने पंतप्रधानांना पाठवून दिले. सगळ्या देशात बातमी झाली. तेव्हा मला पुण्यातल्या माझ्या कचेरीत लोकांनी ‘तुमच्या तिकडचा ना तो?’ म्हणून विचारलं होतं. कौतुकाने नव्हे, गंमत म्हणून.

त्याच प्रतिक्रियेत आपण ओघात आणखी एक वाक्य टाकलंय: ‘शेतकरी कांदा चाळीत दाबून ठेवतात आणि मग निर्यातबंदीच्या नावाने रडतात.’ यावर खरं तर स्वतंत्र लेख लिहायला हवा. चाळ म्हणजे कांदा साठवायची शेड, आणि तिच्यात राहतो तो उन्हाळ कांदा. डिसेंबर-जानेवारीत लागवड, एप्रिल-मेमध्ये काढणी, मान वाळलेली, पापुद्रा घट्ट. एन-२-४-१ सारखं वाण आणि हवेशीर चाळ असेल तर तो दिवाळीपर्यंत निघतो, तरी वजन घटतं ते घटतंच. पावसाळ्यात लावलेला पोळ आणि त्यामागून येणारा रांगडा हे लाल कांदे टिकाऊ नाहीत. काढले की विकायचे, भाव असो नसो. आता निर्यातबंदी कधी आली? ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री अधिसूचना निघाली, म्हणजे लाल कांद्याच्या ऐन आवकेत. त्या कांद्याला चाळीत घालणं म्हणजे सडवणं. तो दाबून ठेवला असं म्हणणाऱ्याने पोळ कांदा हातात घेऊन त्याची मान एकदा दाबून बघावी. बंदी पुढच्या मे महिन्यात उठली, तीही ४० टक्के निर्यातशुल्क आणि किमान निर्यातमूल्य ठेवूनच. त्याच सुमारास झालेल्या लोकसभा निवडणुकीत आमच्या दिंडोरी मतदारसंघातून केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार हरल्या. कांद्याने हरवलं की आणखी कशाने, यावर आमच्या पारावर अजून दोन तट आहेत. मी कांद्याच्या तटात आहे.

जाता जाता एक गंमत, कारण सगळाच लेख कडू होऊ नये. कांद्याला कोंब फुटू नयेत म्हणून भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली लासलगावला विकिरण केंद्र उभारलं. गावात केवढा अभिमान! पुढे २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं, ते विकिरणाच्या अटीवर. मग कोकणातला हापूस घाट चढून आमच्याकडे येऊ लागला आणि किरणं खाऊन अमेरिकेला जाऊ लागला. कांदा बाहेर ट्रॉलीत उभाच. हा प्रसंग मी लेखात घेतला होता आणि मला तो अजूनही आवडतो. आपल्याला त्यात ‘विनोदाचा केविलवाणा प्रयत्न’ दिसला. असो, आवडनिवड.

‘पुण्यात बसून’ हा टोमणा नवा नाही. पोटासाठी पुण्यात आहे, सातबाऱ्यावर नाव अजून आहे, पेरणीला आणि काढणीला सुट्टी काढून जातो. गावात राहिलेल्यांनीच गावावर लिहायचं असा नियम असेल तर मग आपणही नाशिकला बसून लासलगावचा निकाल देऊ नये. आणि गोडवे म्हणाल, तर त्याच लेखात ग्रामपालिकेच्या गटारांवर दोन परिच्छेद आहेत. अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी रूढी अलीकडे मोडली, ती आधीच मोडायला हवी होती, असंही मी लिहिलंय. गोडव्यांत हे येतं का?

राहता राहिला बायकांचा आणि हमालांचा मुद्दा. माझ्या लेखाचा विषय बाजाराचं आवार हा होता. खळी आवाराबाहेर असतात, व्यापाऱ्यांच्या खासगी जागेत. एका लेखात सगळं गाव मावत नाही. हमाल-मापाऱ्यांच्या प्रश्नावर तर एप्रिल २०२४ मध्ये कपातीच्या वादातून जिल्ह्यातले लिलाव बंद पडले तेव्हा वर्तमानपत्रांनी भरपूर लिहिलं आहे, ज्यांना हवं त्यांनी ते काढून वाचावं. आणि खळ्यावरच्या बायकांविषयी आपण मला शिकवू नये. माझी सख्खी मावशी खळ्यावर जायची. सकाळी भाकरी बांधून जायची, दिवसभर उकिडवं बसून गोल्टी आणि खाद (खराब कांदा) वेगळी करायची, दिवेलागणीला परत. तिच्या पदराला वर्षभर कांद्याचा वास असायचा, आणि आम्ही भाचरं नाक दाबून हसायचो. तेव्हा मला हे माहीत नाही असं समजू नका. लेखात ती आली नाही, कारण तिथे तिची जागा नव्हती. तिने स्वतःही कधी तशी अपेक्षा केली नाही.

या विषयावर माझ्याकडून एवढंच. पिंपळगाव नजीकच्या एका वाचकाने उन्हाळ कांद्याच्या बियाण्याबद्दल विचारलं होतं, त्यांना संध्याकाळी स्वतंत्र उत्तर लिहितो.