प्रत्येक प्रसंगाला स्वतंत्र पोशाख

प्रवासाची बॅग भरायला बसलात की जो कपडा इतर चार कपड्यांवर शोभतो, तो सर्वप्रथम उचलून कपाटात परत ठेवावा. असल्या मिळूनमिसळून वागणाऱ्या कपड्यांचा हिशेब फारच लवकर आटोपतो: 4 सदरे आणि 3 विजारी एकमेकांशी जुळल्या, तर 12 जोड तयार होतात, बॅग अर्धी रिकामी राहते आणि तिच्यावर बसून चेन ओढण्याचे सुख हुकते. त्यापेक्षा तो पोपटी सदरा घ्यावा, ज्याच्यावर एकच जांभळी विजार चालते (चालते, असे निदान आपल्याला वाटते) आणि जिच्याखाली घालायला तिसराच बुटांचा जोड लागतो. अशी आवळ्याभोपळ्याची मोट बांधल्याशिवाय सामानाला वजन येत नाही.

कापडाच्या बाबतीत मेरिनो लोकरीपासून सावध राहावे. ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्के बाष्प शोषूनही ओली लागत नाही आणि दोन-तीन दिवस अंगावर राहूनही वास धरत नाही. मग बाकीचे नऊ सदरे कशासाठी आणले, हे सोबत्यांना कसे समजावणार? लिनन मात्र अवश्य घ्यावे, कारण ते घडीतच चुरगळते आणि मुक्कामी पोहोचल्यावरची पहिली संध्याकाळ इस्त्री शोधण्यात सत्कारणी लागते.

जीनला पर्याय नाही. तांब्याच्या रिव्हेटांच्या ज्या विजारीचे पेटंट 1873 साली घेतले गेले, ती कष्टकऱ्यांसाठी होती, आणि तिला वाळवणे हे आजही कष्टाचेच काम आहे. मी एकदा ती रात्री धुतली. सकाळी पाय कोरडे होते. कमरेची दुहेरी शिवण आणि खिशांचे अस्तर मात्र गार, चिंब. केस वाळवायचे यंत्र एका खिशात खुपसून मी अर्धा तास उभा होतो, आणि दुसरा खिसा शिल्लक असतानाच गाडीची वेळ झाली.

थंडीसाठी एकच जाडजूड कोट असू द्यावा. पातळ कपड्यांच्या थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते आणि ऊन तापल्यावर एकेक थर उतरवता येतो, ही सोय घामाघूम होण्याची हौस असलेल्यांच्या कामाची नाही. शिवाय केबिनमधल्या सामानाला 7 किलोंची मर्यादा निघाली, तर तो कोट भर दुपारी अंगावर चढवून रांगेत उभे राहता येते.

परतल्यावर पोपटी सदरा घडी न मोडलेला निघेल. तोही धुवायला टाकावा, कारण ती दमट जीन त्याच्यावरच ठेवलेली होती.