तिचाकीच्या माथी मारलेलं खापर

“खिशात मावणारा पहिला कॅल्क्युलेटर काढणारी ब्रिटनची सिंक्लेअर कंपनी मालकाच्या एका खुळापायी बुडाली. वॉशिंग मशीनची मोटर लावलेली तिचाकी कुणी घेतली नाही, शेवटी अ‍ॅमस्ट्रॅड या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने अख्खी कंपनी 50 लाख पौंडांत उचलली.” हा मजकूर दर दोन-चार महिन्यांनी कुठल्या तरी ग्रुपवर येतोच. गोष्ट छान आहे, पण खरी नाही.

‘पहिला’ हा शब्द आधी खोडा. जपानच्या बिझिकॉमचा खिशातला ‘हँडी’ 1971 सालीच निघाला होता. सिंक्लेअरचा ‘एक्झिक्युटिव्ह’ आला 1972 साली. त्याची करामत वेगळीच होती. चिपला वीज सलग न देता क्षणभर चालू, क्षणभर बंद अशी दिली, म्हणून श्रवणयंत्रातल्या इवल्याशा सेलवर भागलं आणि जाडी जेमतेम एक सेंटिमीटर राहिली. टाळ्या वाजवायच्या तर इथे वाजवा.

वॉशिंग मशीनची मोटर? सी5 ही तिचाकी वेल्समधल्या मर्थर टिडफिलला, हूवरच्या कारखान्यात जोडली जायची आणि हूवर वॉशिंग मशीन बनवायची. झालं, लोकांनी दोन अधिक दोन पाच केले. मोटर आली होती इटलीच्या पॉलिमोटरकडून, आणि तिचा मूळ आराखडा ट्रकच्या कूलिंग फॅनचा.

आता मुख्य आरोप. सी5 आपटली, यात वाद नाही. जानेवारी 1985 मध्ये, लंडनच्या ऐन थंडीत, उघडी आणि जमिनीला टेकलेली गाडी 399 पौंडांना विकायला काढल्यावर दुसरं काय होणार? पण ती ‘सिंक्लेअर व्हेइकल्स’ या वेगळ्या कंपनीची होती. तिच्यासाठी मालक क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी 1983 साली ‘सिंक्लेअर रिसर्च’ या आपल्या संगणक कंपनीतले स्वतःचे काही शेअर विकून पैसा उभा केला होता.

संगणकाचा धंदा संगणकांनीच बुडवला. जानेवारी 1984 मध्ये ‘क्यूएल’ हा संगणक जाहीर झाला (किंमत तीच, 399 पौंड!) आणि 28 दिवसांत घरपोच मिळेल असं सांगून ऑर्डरी घेतल्या. यंत्र तयारच नव्हतं. पत्रिका वाटून झाल्या, मुलगी बघायची बाकी! गिऱ्हाइकं महिनोन्‌महिने ताटकळली. सुरुवातीच्या यंत्रांत सॉफ्टवेअर आत मावलं नाही, म्हणून उरलेला भाग मागच्या खाचेत खोचलेल्या तुकड्यात, बाहेर लोंबकळत असायचा. त्यात 1984 च्या नाताळात घरगुती संगणकांची मागणी मंदावली आणि माल पडून राहिला. पुढच्या वर्षी वृत्तपत्रांचे मालक रॉबर्ट मॅक्सवेल यांनी कंपनी घेण्याची घोषणा केली, तीही फिसकटली.

ही खोड जुनी. 1975 चं ‘ब्लॅक वॉच’ हे घड्याळ कपड्यांच्या स्थिर विजेनेही बंद पडायचं. त्या फटक्यानंतर क्लाइव्ह यांच्या आधीच्या कंपनीला, ‘सिंक्लेअर रेडिओनिक्स’ला, 1976 साली सरकारी पैशाचा टेकू घ्यावा लागला. तेव्हा तिचाकी कुठे होती?

राहिला अ‍ॅमस्ट्रॅडचा सौदा. एप्रिल 1986 मध्ये 50 लाख पौंड मोजले गेले, पण संगणकांची मॉडेलं आणि त्यावरच्या सिंक्लेअर या नावासाठी. सिंक्लेअर रिसर्च ही कंपनी क्लाइव्ह यांच्याकडेच राहिली. वीस वर्षांनी, 2006 साली, या ‘बुडालेल्या’ कंपनीने बाजारात काय आणलं? घडी घालून पिशवीत ठेवायची सायकल.