ती अकरावी सही

सकाळी एक फॉरवर्ड आला. महाराष्ट्रात आता महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून प्रत्येक कुटुंबाला पाच लाखांपर्यंत मोफत उपचार, आजारपणाची चिंता मिटली. खाली टाळ्या, जोडलेले हात. आणि त्याच सकाळी पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरबाहेर करमाळ्याकडचा एक पोरगा मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन बसला होता. पिशवीत ईसीजीच्या पट्ट्या, अँजिओग्राफीची सीडी, डिपॉझिटच्या पावत्या आणि घडीवर फाटत आलेलं केशरी रेशनकार्ड. वडिलांना शनिवारी रात्री हार्ट अटॅक आला, पहाटे स्टेंट पडला, म्हणजे हृदयाची तुंबलेली नळी उघडी ठेवणारी जाळी. ९० हजार डिपॉझिट भरलं. त्यातले ४० मामानं फोनवरून पाठवले, बाकीचे आईचे दागिने पतसंस्थेत ठेवून. आज चौथ्या दिवशी बिल २ लाख ७० हजारांवर गेलंय. खासगी विमा नाही. आपल्या गावाकडे कुणाकडे असतो?

आता नीट बघा. घरात केशरी कार्ड आहे. हॉस्पिटल योजनेत आहे, गेटवर बोर्ड आहे. हृदयरोग विभाग योजनेत आहे. स्टेंट बसवायची अँजिओप्लास्टी योजनेत आहे. तरी पोरगा काउंटरबाहेर का? कारण शेजारच्या बेडवाल्यांनी सांगितल्यावर तो आज सकाळी आरोग्यमित्राकडे, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाकडे गेला, तेव्हा त्याच्यासमोर एक कागद ठेवला गेला. ‘मला योजनेची संपूर्ण माहिती देण्यात आली असून मी स्वखुशीने योजनेचा लाभ घेत नाही.’ खाली त्याची सही. वेळ रात्रीचे २ वाजून १० मिनिटं.

फाईलमध्ये त्याच्या अकरा सह्या आहेत. भरतीची, डिपॉझिटची, अँजिओची, भूल देण्याची, रक्ताची. ही अकरावी. बाप स्ट्रेचरवर घामानं भिजलेला, डॉक्टर सांगतायत एक-एक मिनिट महत्त्वाचं आहे, आणि कुणीतरी पॅड पुढे करून म्हणतंय, ‘इथं, इथं आणि इथं.’ तिथं कुणी वाचत बसतं का? आणि याला स्वखुशी म्हणायचं!

योजना वाईट नाही, हे आधीच सांगते. २०१२च्या जुलैत राजीव गांधी जीवनदायी नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात राज्यभर गेली. २०१७ला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव लागलं, २०१८ला केंद्राची आयुष्मान भारत आली. दीड लाखाची मर्यादा पाच लाख झाली, किडनी प्रत्यारोपणाची अडीचवरून साडेचार लाख. १ जुलै २०२४पासून पांढरं कार्डसुद्धा आत आलं. पूर्वी पिवळं, केशरी आणि चौदा जिल्ह्यांतले पांढरे कार्डवाले शेतकरी एवढेच होते. हे लहान काम नाही. या योजनेमुळे शेत न विकता बायपास झालेली माणसं गावोगावी हिंडताहेत.

पण योजना सुरू कुठून होते, ते कुणी सांगत नाही. ती आजारापासून सुरू होत नाही, हॉस्पिटलच्या दारातूनही नाही. आरोग्यमित्राच्या टेबलावर नोंद होऊन पूर्वमंजुरीची, म्हणजे उपचाराआधी घ्यायच्या परवानगीची विनंती ऑनलाइन गेली, की तिथून. त्याच्या आधी तुम्ही ‘कॅश पेशंट’ म्हणून भरती झालात, डिपॉझिट भरलंत, डॉक्टरांनी त्या हिशोबानं काम सुरू केलं, की मागं वळणं फार अवघड. आणि इमर्जन्सीत पूर्वमंजुरीला वेळ कुठे असतो, असं काउंटरवर सांगतील, ते ऐकून घेऊ नका. अशा वेळी फोनवरून तातडीची मंजुरी घेण्याची सोय योजनेतच आहे, कागद मागाहून द्यायचे असतात. हे हॉस्पिटलला पाठ असतं. त्या पोराला शनिवारी रात्री हे कोण सांगणार होतं?

म्हणून सांगते, भरतीच्या खिडकीवर नाव-पत्ता सांगायच्या आधी तीन गोष्टी विचारा. हॉस्पिटल योजनेत आहे का? ज्या आजारासाठी आलोय तो विभाग योजनेत आहे का? हा दुसरा प्रश्न विसरू नका. एकाच इमारतीत किडनी विभाग योजनेत आणि हृदयविभाग बाहेर असंही असतं, बोर्ड मात्र एकच. आणि तिसरा, आरोग्यमित्र आत्ता कुठे आहे? नसेल तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० वर फोन लावा, काउंटरसमोर उभं राहून लावा. ‘योजनेतल्या खाटा शिल्लक नाहीत’ म्हणाले तर ते कागदावर लिहून मागा. लिहून मागितलं की खाट सापडते, हे अनेकदा होतं. आणि ‘योजना नको’ असं लिहिलेला कागद पुढे आला तर सही करू नका. उपचाराच्या संमतीपत्रावर सही करा, त्या कागदावर नाही. दोन्ही एकाच पॅडला लावलेले असतात.

रेशनकार्डाचं आजच बघा, घरी सगळे धडधाकट असताना बघा. कार्ड ऑनलाइन झालंय का, बारा अंकी नंबर आहे का, घरातल्या प्रत्येकाचं नाव त्यात आहे का. सगळ्यात जास्त अडकतात त्या नव्या सुना. माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं नसतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. मग बाळंतपणात काही गुंतागुंत झाली की पळापळ. दुसरी अडचण नावाची. कार्डावर हाक मारायचं नाव, आधारवर शाळेतलं. विनंती परत येते, दुरुस्त करा म्हणून. परत आलेली प्रत्येक विनंती म्हणजे एक दिवस, आणि प्रत्येक दिवसाचं बिल. घरात सत्तरीच्या वरचं कुणी असेल तर आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा. ऑक्टोबर २०२४पासून मिळतंय, त्याला उत्पन्नाची अट नाही, कार्डाच्या रंगाचीही नाही.

आता कॅन्सरचं. इथं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. केमोथेरपी योजनेत आहे, रेडिएशन आहे, ऑपरेशन आहे. पण कॅन्सरची पूर्वमंजुरी बायोप्सीच्या रिपोर्टशिवाय जात नाही. म्हणजे गाठ हाताला लागल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत सोनोग्राफी, सीटी, बायोप्सी, कधी पेट स्कॅन हे बहुतेक घरं खिशातून करतात, कारण तोवर पेशंट योजनेचा झालेलाच नसतो. ओपीडी योजनेत नाही. पॅकेजमध्ये जनरल वॉर्डची खाट, ऑपरेशन, औषधं, तपासण्या, जेवण, परतीचं एसटीचं किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचं भाडं आणि घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतची औषधं एवढं बसतं. (परतीचं भाडं मिळतं हे किती जणांना माहीत आहे? मागा, हक्काचं आहे.) अकराव्या दिवसापासून पुन्हा आपला खिसा. दोन केमोंच्या मधल्या रक्ततपासण्या, उलटी थांबवायच्या गोळ्या, शहरात भाड्यानं घेतलेली खोली, सोबत आलेल्या माणसाची बुडालेली मजुरी, हे कुठल्याच पॅकेजमध्ये नाही. नवी महागडी टार्गेटेड औषधं तर सगळी बसतच नाहीत. आणि पाच लाख माणशी नाहीत, वर्षाला अख्ख्या कुटुंबाला आहेत. एका कार्डावर नऊ माणसं असली तर नऊ जणांत मिळून.

म्हणून तपासण्या सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा जिल्हा रुग्णालयात करून घ्या. रांग असते, कबूल. पण बायोप्सी तिथं झाली तर तोच रिपोर्ट घेऊन योजनेतल्या दुसऱ्या हॉस्पिटलात जाता येतं. स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे तपासलेल्या गाठीचे जपून ठेवलेले नमुने, मागून घ्या. फक्त रिपोर्टचा कागद नेला तर पुढचं हॉस्पिटल बायोप्सी पुन्हा करायला लावतं, तिचे पैसे पुन्हा.

कुणीतरी खाली लिहिणारच, ‘विमा काढायचा होता ना आधी.’ त्यांना आत्ताच सांगते. २२ सप्टेंबर २०२५पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, चांगलं झालं. पासष्टीची वयाची आडकाठी २०२४ला निघाली, तेही चांगलं. पण आधीपासून असलेल्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं, ते आहेच. ज्याच्या छातीत आज कळ आली त्यानं तीन वर्षं थांबायचं? आणि ऊसतोडीला जाणाऱ्या घरानं वर्षाला वीस-पंचवीस हजार हप्ता कशातून काढायचा? बोलायला सोपं असतं.

हॉस्पिटलवाल्यांचंही एक म्हणणं आहे. पॅकेजचे दर कमी आहेत, सरकारकडून पैसे उशिरा येतात. खरं आहे ते. पण त्याचं भांडण सरकारशी करा ना! रात्री दोन वाजता करमाळ्याच्या पोराची सही घेऊन नाही.

आरोग्यमित्रावर मात्र मला राग काढायचा नाही. तो कंत्राटी, पगार तुटपुंजा, टेबल हॉस्पिटलच्या आवारात, उठणंबसणं तिथल्याच लोकांत. तो पेशंटसाठी हॉस्पिटलशी किती भांडणार? माझं म्हणणं एवढंच आहे की ‘तुमच्याकडे रेशनकार्ड आहे का’ हे विचारण्याचं बंधन हॉस्पिटलवर हवं, डिपॉझिट घेण्याआधी हवं. आणि भरतीनंतरच्या पहिल्या चोवीस तासांत घेतलेलं कुठलंही नकारपत्र बाद धरलं पाहिजे. माणूस शुद्धीवर, नातेवाईक भानावर आल्यावर पुन्हा विचारा. तेव्हा कुणाला स्वखुशीनं पैसे भरायचे असतील तर खुशाल भरू देत.

आता त्या पोराचं. योजनेचा दरवाजा जवळजवळ बंद झालाय. तक्रार करायची आहेच, नकारपत्राची झेरॉक्स लावून. पण एक दार अजून उघडं आहे. हे हॉस्पिटल धर्मादाय आहे. विश्वस्त व्यवस्था कायद्याचं कलम ४१ एए आणि २००६चा मुंबई उच्च न्यायालयाचा आदेश यांनुसार अशा हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम बाजूला काढून निर्धन रुग्ण निधी करावा लागतो. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर निम्मी सवलत. आणि इमर्जन्सीत धर्मादाय हॉस्पिटलनं डिपॉझिट मागायचंच नसतं. म्हणजे शनिवारी रात्रीचे ते ९० हजार मुळात मागायलाच नको होते. हे लिहिताना हात थरथरतोय.

यासाठी बिलिंगवाल्यांशी वाद घालून उपयोग नाही. वैद्यकीय समाजसेवकाचा कक्ष शोधायचा, बहुतेक तळमजल्यावर कोपऱ्यात असतो. अर्ज लेखी द्यायचा, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायची. शिक्का दिला नाही तर तोच अर्ज धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात द्यायचा. आणि हे सगळं डिस्चार्जच्या आधी. अंतिम बिल भरून बाहेर पडलात की पैसे परत मिळवणं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. मुख्यमंत्री सहाय्यता निधीचंही तसंच. तो पैसा थेट हॉस्पिटलच्या खात्यावर जातो, उपचार संपल्यावर केलेला अर्ज घेत नाहीत.

बिल तपशीलवार मागा, ‘औषधं इतके, तपासण्या इतके’ अशी नुसती बेरीज नको. स्टेंटच्या किमतीवर २०१७पासून कमाल मर्यादा आहे. बिलात कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहायलाच हवी. फाईलमध्ये स्टेंटच्या पाकिटाचं स्टिकर चिकटवलेलं असतं, त्याच्याशी ताडून बघा. स्टेंटची किंमत बांधली गेली म्हणून बलून, वायर, कॅथलॅब अशा दुसऱ्या ओळी फुगलेल्या दिसतील. तिथं बोट ठेवून विचारा.

पोराला अडकवणारी एकच गोष्ट आहे, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रात अर्ज, तलाठ्याचा अहवाल, मग दाखला. सेवा हमी कायद्यात त्याला १५ दिवसांची मुदत आहे. बापाला शुक्रवारी सोडणार आहेत. भरतीचा कागद दाखवला, नायब तहसीलदारांना समक्ष भेटलं तर एका दिवसात देतात, देणारे चांगले लोक आहेत. करमाळ्यात कुणाची ओळख असेल तर मला इनबॉक्समध्ये लिहा. ओळखीशिवाय हे व्हायला हवं, पण आत्ता तत्त्वाचं बोलायला वेळ नाही.

दुपारी त्यानं चहासुद्धा घेतला नाही. वडील विचारतायत किती झालं बिल, आणि तो सांगतो योजनेत आहे बाबा, काही नाही. आयसीयूच्या काचेतून खुणेनं सांगतो. अकरा सह्या केलेला तोच हात हलवून.

आत्ता साडेआठला त्याचा फोन आला. एसटी भिगवणच्या पुढे गेलीये. कार्डावर वडिलांचं घरचं नाव आहे आणि आधारवर शाळेतलं, उद्या तहसीलला चालेल का, विचारत होता.