लाउडनची गरिबी गेली कुठे?

मागच्या लेखावरची एक प्रतिक्रिया चार ओळींत उत्तर देऊन मिटवण्यासारखी नव्हती, म्हणून हे वेगळं लिहिते आहे. लेखात मी म्हटलं होतं की अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातल्या आमच्या लाउडन काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, श्रीमंती दिसते तेवढी भक्कम नाही, आणि तिचं जेवढं श्रेय आपण स्वतःकडे घेतो तेवढं आपलं नाही. त्यावर इथल्याच ब्रॅम्बल्टनला राहणाऱ्या एका वाचकांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मध्यक उत्पन्न (निम्मी घरं ज्याच्या वर आणि निम्मी खाली) वर्षाला १ लाख ७० हजार डॉलर, म्हणजे देशाच्या दुपटीहून जास्त, दारिद्र्य जेमतेम तीन-चार टक्के, शाळा आपल्या टॅक्सवर चालतात, आपण दोन बॅगा घेऊन आलो आणि कष्टानं हे उभं केलं, मग हे रडगाणं कशासाठी? आणि शेवटी, "एवढं खुपतं तर मॅडम, राहता कशाला इथे?"

शेवटच्या प्रश्नाकडे शेवटी येते.

मध्यकाबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबरच आहे. चार-दोन कोट्यधीशांमुळे मध्यक फुगत नाही, आणि मीही सरासरीचा आकडा दिला नव्हता. पण तो आकडा कुटुंबाचा आहे, माणसाचा नाही. आपल्याकडे घरटी माणसं देशापेक्षा जास्त आणि कमावणारे बहुधा दोन. एक जण सरकारी काँट्रॅक्टवर, दुसरा एखाद्या टेक कंपनीत, असा संसार तुमच्या-माझ्या गल्लीत दर दुसऱ्या दाराआड आहे. दोनातला एक पगार थांबला की तुमचा हा मध्यक त्या घरापुरता अर्ध्यावर येतो आणि मॉर्गेज मात्र तेवढंच राहतं. २०२५ च्या सुरुवातीला वॉशिंग्टनमध्ये नोकरकपात सुरू झाली तेव्हा आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिळगूळ-हळदीकुंकवाचे फोटो मागे पडून रेझ्युमे फिरायला लागले, ते तुम्हीही पाहिलं असणार. काउंटीची हद्द राजधानीपासून तासाभराच्या अंतरावर आहे, हे आपलं सगळ्यात मोठं भांडवल. ते तुम्ही कमावलेलं नाही, मीही नाही.

आता तीन-चार टक्के दारिद्र्याबद्दल. माझा मुद्दा इथेच होता आणि तुम्ही नेमका त्यावरून पुढे निघून गेलात.

चार माणसांच्या कुटुंबासाठी २०२४ ची केंद्र सरकारची दारिद्र्यरेषा ३१,२०० डॉलर होती. आपल्या काउंटीतल्या ॲशबर्नला तीच आणि मिसिसिपीतल्या खेड्यातही तीच. ॲशबर्नमध्ये दोन बेडरूमचं अपार्टमेंट महिना बावीसशेच्या खाली मिळालं तर नशीब समजायचं. वर्षाचे झाले २६,४००. राहिले ४,८००, त्यात चौघांचं खाणं, गाडी, विमा, औषधपाणी. गाडीशिवाय इथे दूध आणायलाही जाता येत नाही. म्हणजे त्या रेषेवरचं कुटुंब लाउडनमध्ये हलाखीत राहतं असं नाही, ते लाउडनमध्ये राहूच शकत नाही. ते नाही म्हणून आपली टक्केवारी सुंदर आहे.

ते कुठे राहतं हे बघायचं असेल तर एखाद्या दिवशी पहाटे साडेपाचला हिल्सबरो गावात रूट ९ च्या कडेला उभे राहा. वेस्ट व्हर्जिनियाकडून उतरणाऱ्या दिव्यांची न तुटणारी रांग दिसेल. टपावर शिड्या बांधलेले पिकअप, मागे आवाज करणाऱ्या अवजारांच्या पेट्या, आणि मधूनमधून साध्या सेडानमध्ये एकट्या बायका, कपहोल्डरमध्ये कॉफी, अंगावर आधीच युनिफॉर्म. यांतलं कोणी आपल्या लॉनची पानं गोळा करायला येतं, कोणी नर्सिंग होममध्ये, कोणी शाळेच्या स्वयंपाकघरात. माझी मुलगी ज्या डे-केअरला जायची तिथल्या तिच्या लाडक्या बाई चार्ल्सटाउनहून यायच्या. आम्ही त्या डे-केअरला महिन्याला दोन हजारांच्या वर मोजत होतो, आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला आजी सांभाळायची. संध्याकाळी हीच रांग उलटी फिरते आणि राज्याची हद्द ओलांडून झोपायला जाते. जनगणना माणसाला तो झोपतो तिथे मोजते.

हे मी एकटीच म्हणत नाही, काउंटीलाही मान्य आहे. परवडणाऱ्या घरांची जी योजना आहे ती परिसराच्या मध्यक उत्पन्नाच्या ३० ते ७० टक्के कमावणाऱ्यांसाठी आहे. २०२४ मध्ये वॉशिंग्टन परिसरातल्या चौघांच्या कुटुंबासाठी तो मध्यक १,५४,७०० धरला होता. त्याचे ७० टक्के काढा: १ लाख ८ हजार. वर्षाला लाख डॉलर कमावणारं कुटुंब लाउडनच्या सरकारी कागदावर घरासाठी मदतीला पात्र आहे! शाळेत नव्यानं लागलेल्या शिक्षकाचा पगार त्याच्या कितीतरी खाली. २०२१ मध्ये काउंटीच्या निवडून आलेल्या पर्यवेक्षक मंडळानं घरांच्या टंचाईवर अख्खा आराखडा मंजूर केला, तो काही माझं रडगाणं वाचून नव्हे.

आणि टंचाई आभाळातून पडलेली नाही. रूट १५ च्या पश्चिमेला एकदा गाडी घेऊन जा. द्राक्षमळे, घोडे, दगडी कुंपणं, कच्चे रस्ते, सगळं डोळ्यांचं पारणं फेडणारं. तिथला नियम ढोबळमानानं असा: उत्तरेकडे वीस एकरांना एक घर, दक्षिणेला मिडलबर्गच्या बाजूला चाळीस एकरांना एक. शेतीखाली पाच एकर जमीन दाखवता आली, गवताच्या गासड्या बांधून विकल्या, तरी जमिनीच्या करात सवलत मिळू शकते. ती हिरवळ टिकावी असं मलाही वाटतं, शनिवारी आम्हीही तिकडेच जातो. पण चाळीस एकरांना एक घर ठेवायचं आणि घरं महाग का म्हणून आश्चर्य करायचं, या दोन्ही गोष्टी एकदम करता येत नाहीत. १९७० साली या काउंटीत ३७ हजार माणसं होती, २००० साली १ लाख ७० हजार, २०२० साली ४ लाख २१ हजार. वाढीचा बहुतेक भार पूर्वेच्या पट्ट्यानं उचलला. त्या पट्ट्यातल्या ॲशबर्नला आजही ना नगरपालिका, ना महापौर. कागदोपत्री ते गावच नाही. आपल्या दाराला कुठला रंग द्यायचा ते एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, ठरवते आणि बाकी सगळं काउंटीचं नऊ जणांचं पर्यवेक्षक मंडळ.

आता टॅक्स. "शाळा आपल्या पैशांवर चालतात" हे वाक्य मी दर गणेशोत्सवात, प्रसादाच्या रांगेत ऐकते. तुमच्याकडे जुनी बिलं असतील तर काढून बघा. २०११ मध्ये घरपट्टीचा दर शंभर डॉलरला १.२८५ होता. २०२५ मध्ये तो ०.८०५ झाला. त्या दरानं सात लाख मूल्यांकनाच्या टाउनहाऊसला वर्षाचे ५,६३५ पडतात. जुना दर असता तर त्याच घराला ८,९९५ पडले असते. घरांच्या किमती वाढल्या म्हणून बिल कमी झाल्यासारखं वाटत नाही, हे खरं. पण मधल्या काळात शाळा वाढल्या, नवे रस्ते झाले, २०२२ च्या नोव्हेंबरात मेट्रो ॲशबर्नपर्यंत आली, आणि दर मात्र उतरत गेला. फरक कोणी भरला?

वॅक्सपूल रोडवरच्या डेटा सेंटरांनी, म्हणजे इंटरनेटच्या सर्व्हरच्या त्या बिनखिडक्यांच्या राखाडी कोठारांनी. तिथल्या सर्व्हरवर काउंटी शंभर डॉलरला ४.१५ असा वेगळा कर लावते, आणि दर काही वर्षांनी जुने सर्व्हर जाऊन नवे येतात, की कराची रक्कम पुन्हा ताजी. डेटा सेंटरला मुलं नसतात, त्यामुळे शाळा लागत नाही, बस लागत नाही. काउंटीच्याच हिशेबानं त्यांच्यावर एक डॉलर खर्च झाला तर सव्वीस परत येतात. ती इथे आली ती आपल्या गुणवत्तेकडे बघून नाही. नव्वदच्या दशकात इंटरनेटचा मोठा चौक या भागात होता, एओएल या इंटरनेट कंपनीचं मुख्यालय डलसला आलं, जमिनीखाली फायबर पसरलं, आणि पलीकडे स्वस्त शेतजमीन होती. त्याची किंमतही आता कळायला लागली आहे: २०२२ मध्ये वीज कंपनीनंच सांगितलं की पूर्व लाउडनला नव्या डेटा सेंटरना पुरेल एवढी वीज आणणाऱ्या वाहिन्या नाहीत. २०२५ च्या मार्चमध्ये मंडळानं डेटा सेंटरना विनासुनावणी परवानगी देणं बंद केलं. उद्या हे उत्पन्न आटलं तर दर कुठे जाईल, याचा अंदाज तुम्हीच करा.

शाळांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. लीसबर्गला डग्लस हायस्कूलची इमारत आहे, १९४१ ची. कृष्णवर्णीय पालकांनी पै-पै जमवून आधी जमीन घेतली आणि ती काउंटीला एका डॉलरला दिली, तेव्हा कुठे त्यांच्या मुलांना हायस्कूल मिळालं. टॅक्स तेही भरत होते. इथल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा पूर्णपणे एकत्र व्हायला १९६८ उजाडलं.

कष्टांबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण तुम्ही कष्ट केले नाहीत असं मी कुठेच म्हटलेलं नाही. मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर आले, त्यावर काम करता येत नसे, म्हणून हातात इंजिनिअरिंगची डिग्री असून २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलेपर्यंत घरी बसले. उमेदवारी काय असते ते मला शिकवायला नको. पण ती डिग्री महाराष्ट्र सरकारच्या कॉलेजातली, तिची फी आठवली तरी आज हसू येतं. बाकीचा खर्च महाराष्ट्रातल्या ज्या करदात्यांनी उचलला त्यांनी ॲशबर्न बघितलेलं नाही. व्हिसाची चाळणीच अशी आहे की पदवीवालेच पलीकडे पडतात. मग पदवीवाल्यांचं उत्पन्न जास्त निघालं यात नवल काय? आपल्याच काउंटीतल्या स्टर्लिंगमधली एल साल्वाडोरची माणसं २००१ च्या भूकंपानंतर मिळालेल्या तात्पुरत्या परवान्यावर जगतायत, मुदत संपत आली की तीही आपल्यासारखीच बातम्यांना डोळे लावून बसतात. तुमच्या घराचं छप्पर बहुधा त्यांच्यापैकीच कोणीतरी घातलंय, जुलैच्या उन्हात. कष्टाच्या मापानं पैसे मिळत असते तर ब्रॅम्बल्टनला ते राहिले असते.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. मुलीची शाळा चांगली आहे, नवऱ्याचं ऑफिस डलस ग्रीनवे या खासगी रस्त्याचा टोल न भरता गाठता येतं, आणि २०२१ मध्ये घेतलेलं मॉर्गेज पावणेतीन टक्क्यांचं आहे. मध्यंतरी सहज म्हणून हिशेब केला: आजच्या किमतीला, आजच्या व्याजानं, आमच्या दोघांच्या पगारावर हेच टाउनहाऊस बँक आम्हाला देणार नाही. तुमचं तुम्ही करून बघा आणि जमलं तर खाली आकडा लिहा.